रापणीची दोन टोकं

एकदा एक म्हातारा तांडेल होता. खाडी जिथे समुद्राला मिळते तिथल्या एका लहानशा मच्छीमार वस्तीची रापण त्याच्या शब्दावर चालायची. वस्ती त्याला तात्या म्हणे. त्याच्या हाताखाली मोरेश्वर नावाचा एक जवान गडी शिकत होता. त्याला सगळे मोरो म्हणत. मोरोचे हात मजबूत होते आणि नजर तीक्ष्ण. पाण्याचा रंग पाहून खाली तारली मासळी आहे की नुसता गाळ आहे, हे तो किनाऱ्यावरून सांगे. तात्यांच्या मागे रापण मोरोच्याच हाती जाणार, हे वस्तीनं मनोमन धरून ठेवलं होतं. तात्यांनी मात्र ते कधी तोंडानं उच्चारलं नव्हतं, आणि मोरोला त्याचाही राग होता.

ज्यांनी रापण पाहिलेली नाही त्यांच्यासाठी थोडं सांगायला हवं. होडी किनाऱ्यावरून निघते तेव्हा दोराचं एक टोक काठावरच्या माणसांच्या हाती ठेवते. मग समुद्रात मोठा वळसा घेत जाळं सोडत जाते आणि दुसरं टोक बरंच लांब, त्याच काठावर आणून देते. दोन्ही टोकांना माणसांच्या रांगा लागतात आणि ओढणं सुरू होतं. पण नुसतं ओढून भागत नाही. ओढता ओढता दोन्ही रांगांनी वाळूवरून एकमेकींकडे सरकत यायचं असतं. थोडं ओढायचं, थोडं सरकायचं. जाळं काठाला लागेपर्यंत दोन्ही रांगा जवळजवळ भेटल्या, तर जाळ्याचं तोंड मिटतं आणि मधल्या खोळीत मासळी राहते. जागा धरून जो नुसताच ओढत राहतो, त्याला आपण फार कष्ट केले असं वाटतं. मासळी तोवर निघून गेलेली असते.

या वस्तीत आणखी एक कडक रीत होती. रांगेच्या पुढे, गुडघाभर पाण्यात, म्होरक्या उभा राही. म्होरक्यानं पाय उचलल्याशिवाय मागच्या कुणीही पाय उचलायचा नाही, कारण रांग वाकडीतिकडी झाली की जाळं पिळवटून फाटतं. दोन्ही म्होरक्यांना सावध करायला तांडेल मधोमध उभा राहून पंचा फिरवी. पंचा फिरला की म्होरके सरकत, म्होरके सरकले की रांगा सरकत.

आता मोरोच्या घरात काय चाललं होतं ते सांगतो. सांगताना डोकं तापतं, पण सांगतो.

मोरोची बायको द्वारका. तीही किनाऱ्यावरचीच, पलीकडच्या गावातली. घाटी चढून वर गेलं की बाजार लागे. तिथे पिंपळाच्या सावलीत तिच्या आईची मासळी विकायची जागा होती, ती आईमागे द्वारकेकडे आली होती. सकाळी पाटी डोक्यावर घेऊन ती जाई आणि दुपार कलल्यावर परत येई. मोरो त्याआधीच समुद्रावरून येऊन बसलेला असे. त्याला दुपारी गरम भात आणि गरम कालवण हवं होतं. पहाटे रांधून झाकून ठेवलेला भात त्याला चालत नसे. त्याच्या बापाला कधी कुणी थंड भात वाढला नव्हता, मग त्यानं तो का खायचा?

"बाजार सोड," तो म्हणाला.

"जागो सोडलंय तर दुसरी येवन बसात," ती म्हणाली. "माझ्या आवशीचो जागो तो."

"मगे घोवाक कोणी जेवूक वाढूचा?"

"घोवाक हात आसत."

या दोन वाक्यांवरून घर पेटलं. मोरोनं झाकून ठेवलेला भात अंगणातल्या कुत्र्याला घालायला सुरुवात केली, आणि तोही द्वारका घाटी उतरत असेल नेमक्या त्या वेळी, म्हणजे तिला तो दिसावा. द्वारकाही काही गरीब गाय नव्हती. मोरो तापानं फणफणला होता त्या दिवशीही ती त्याच्या उशाशी पाण्याचा तांब्या ठेवून बाजारात निघून गेली. एक दिवस जागा मोकळी राहिली असती तर आकाश कोसळलं नसतं, पण तिच्यासाठी जागा म्हणजे जागा. मग बरा झाल्यावर मोरोनं तिची पाटी उचलून खाडीत भिरकावली. दुसऱ्या दिवशी ती नवी पाटी घेऊन गेली, आणि त्या दिवसापासून तिनं त्याच्यासाठी रांधणं बंद केलं. मोरोनं खाडीकाठचे तीन दगड आणून त्याच एका खोलीत, तिच्या चुलीच्या समोरच्या भिंतीला स्वतःची चूल मांडली. एका छपराखाली दोन चुली. त्याच्या चुलीवर कच्चीपक्की पेज शिजे, तिच्या चुलीवर तिच्या एकटीपुरता भात. दोघांचा धूर मात्र एकत्रच डोळ्यांत जाई.

वस्तीनं काय केलं? आपण सगळे जे करतो तेच केलं. बायाबापड्या द्वारकेला बाजूला घेऊन म्हणाल्या, बाईच्या जातीनं थोडं नमतं घ्यावं. मला या वाक्याची चीड आहे. तडजोड नावाची वस्तू आपण बाईच्या पदराला बांधतो आणि पुरुषाला मोकळा सोडतो, आणि मग संसार का मोडला म्हणून हळहळत बसतो. द्वारकेनं त्या बायांना दारातूनच वाटेला लावलं. चांगलं केलं. पण घरात तिची चूल जिथे होती तिथेच राहिली, आणि मोरोचीही.

शेवटी तिनं माहेरी निरोप धाडला. भाऊ होडी घेऊन न्यायला येणार होता. त्या होडीतून ती गेली की परत येणार नव्हती, हे दोघांनाही ठाऊक होतं. तिचं गाठोडं दाराशी बांधून तयार होतं. मोरो येताजाता ते ओलांडून जाई. मनातून त्याला भीती वाटत होती. भीती वाटते म्हणून त्याला आणखी राग येत होता.

भाऊ यायच्या आदल्या दिवशी सकाळी पाण्यावर काळसर पट्टा दिसला. तारलीचा मोठा थवा काठाजवळ आला होता. वस्ती धावली. रापणीची हाक आली की कुणी मागे राहत नसे, म्हणून बाजाराला निघालेली द्वारकाही वाटेतून फिरली. होडी वळसा घालून आली, दोर काठावर पडले, आणि तात्यांनी म्होरक्यांची नावं घेतली.

"उत्तरेच्या दोराक मोरो. दक्षिणेच्या दोराक द्वारका."

सगळे एकमेकांची तोंडं पाहू लागले. बायका रांगेच्या शेपटाला लागत, दोराची वेटोळी करत. म्होरक्या म्हणून बाई कधी पाण्यात उभी राहिली नव्हती.

"तात्यानू, ह्या काय?" मोरो पुढे झाला. "बायल म्होरक्या?"

"तिच्या बापाशीन तिका रापणीत वाढवल्यान," तात्या म्हणाले. "तुझ्यापेक्षा कमी कळणा नाय तिका. जा, दोर धर."

द्वारकेनं लुगडं वर खोचलं आणि ती पाण्यात उतरली. मोरोच्या अंगाचा तिळपापड झाला. चार माणसांत आपली बायको आपल्या बरोबरीनं उभी केली, ही गोष्ट त्याला थोबाडीत मारल्यासारखी लागली. तो दाणदाण पाय आपटत उत्तरेच्या टोकाला गेला.

ओढणं सुरू झालं. जाळ्यात जीव होता. दोर हाताला हिसके देत होता. थोडं अंतर ओढून झाल्यावर सरकायची वेळ आली आणि मोरोनं सवयीनं तात्यांकडे पाहिलं. तात्यांनी पंचा डोक्याला गुंडाळला होता आणि ते वाळूवर मांडी घालून बसले होते.

मोरोनं दक्षिणेकडे पाहिलं. द्वारका कंबर वाकवून ओढत होती. तिचा पाय जागचा हलला नव्हता. तिनंही त्याच्याकडे पाहिलं. एवढ्या लांबून चेहरा दिसत नव्हता, पण ती कशी पाहते आहे हे त्याला पाठ होतं. ती सरकू दे आधी, तो मनात म्हणाला. सगळं हिच्यामुळे झालंय. आज तरी हिनं आधी पाय उचलावा.

"मोरो, सरक रे," मागून कुणीतरी म्हणालं.

"ओढ गुमान."

"अरे, तोंड उघडा रवला."

"तिका सांग."

तिकडच्या रांगेतही हेच चाललं असणार. तिथल्या बायका ओरडत होत्या, हातवारे करत होत्या, आणि द्वारका मान वळवत नव्हती. मागची माणसं रीतीनं बांधलेली. म्होरक्याआधी पाय उचलायची कुणाची छाती नव्हती. दोघांनी आपापल्या जागी टाचा रोवून अख्ख्या वस्तीला ओढायला लावलं. मोरोच्या तळहाताची साल निघाली. त्याला त्या जळजळण्यात एक प्रकारचं समाधान वाटत होतं. बघा, मी किती ओढतोय. माझ्या बाजूनं कमी आहे का काही?

आणि मग पाण्याचा रंग बदलला. आतला काळसर पट्टा उघड्या तोंडाच्या दिशेनं लांबला, पातळ झाला, विरला. मोरोला ते सगळ्यांच्या आधी दिसलं, कारण ते पाहायची नजर त्याच्याकडे होती. तारली निघाली होती. तरीही त्याचा पाय हलला नाही. या क्षणी सरकणं म्हणजे आपली चूक होती असं कबूल करणं, असं त्याला वाटलं. माणसाला बुडवणारे विचार नेहमी असेच वाटतात, अगदी स्वाभिमानासारखे.

जाळं काठाशी आलं तेव्हा खोळीत थोडी मासळी उरली होती. अगदीच काही नव्हतं असं नाही. प्रत्येक घरी एक वेळचं कालवण झालं असतं. माणसं गुडघाभर पाण्यात धावली आणि लगेच कुरबुर सुरू झाली. उत्तरेचे म्हणाले, आमच्या बाजूनं जाळं आधी वर आलं. दक्षिणेचे म्हणाले, आमच्या बाजूला खोळ जड होती. मोरो आणि द्वारका खोळीच्या दोन अंगांना उभे होते, ओले, दमलेले, आणि एकमेकांकडे न पाहणारे.

तात्या उठले. कमरेचा कोयता काढून पाण्यात शिरले, आणि कुणाला काही कळायच्या आत त्यांनी खोळ या टोकापासून त्या टोकापर्यंत फाडली. उरलेली तारली पायांमधून सळसळत निघून गेली.

मग सगळे एकदम बोलले. म्हाताऱ्याला भ्रम झाला, कोयता काढून घ्या, घरी पोरं उपाशी आहेत, याला कुणी अधिकार दिला. एका म्हातारीनं तर तात्यांना त्यांच्या बापाच्या नावानं शिव्या घातल्या. तात्या सगळं ऐकून घेत उभे राहिले. "खोळ मी शिवतलंय," एवढंच ते म्हणाले. माणसं चरफडत पांगली. द्वारका घराकडे गेली.

मोरो राहिला.

तात्या वाळूवर बसले, फाटलेली खोळ मांडीवर घेतली आणि सुईत दोरा ओवू लागले. दोरा काही जाईना. मोरोनं तो हिसकावून घेतला, ओवला आणि परत त्यांच्या हातात दिला.

"वस्तीच्या पोटार मारलात तुमी," तो म्हणाला.

"मारलंय. आता ऐक. खोळीत मासळी होती अर्धीमुर्धी. ती घेवन सगळे घराक गेले आसते, तर तू काय म्हटला आसतस? माझ्या टोकान आणली. ती काय म्हटली आसती? माझ्या टोकान. आणि फाल्या, दुसऱ्या दिसाक, परत दोघा आपापल्या जाग्यार खुटो मारून उभी. घरात काय चल्लाहा तुमचा? दोन चुली. चुलीतलो अर्धो इस्तव तुका, अर्धो तिका. अर्ध्यार तुमचा भागता रे, म्हणान तुमी सरकनास नाय. आज अर्धाव नको."

"तुमी इशारो कित्याक करूक नाय? मी सरकलंय आसतंय."

"माझ्या पंच्याक सरकलंस आसतंस. बायलेक नाय. मी मेल्यार तुझ्या घरात पंचो फिरवूक कोण येतलो?"

मग जे इतके दिवस मोरोच्या छातीत अडकलं होतं ते बाहेर आलं. "मी पयलो कित्याक सरकू? चूक तिची आसा."

"आसात. तिचीव आसात, तुझीव आसात." तात्यांनी टाका ओढून घेतला. "रापणीत पयलो कोण सरकलो ता कोणी इचारलेला तू कधी ऐकलंस? जाळा वर इला काय सगळे खोळ बघतत. पाय कोण बघणा नाय."

"माझो राग काय जाणा नाय, तात्यानू." मोरोचा आवाज फुटला. "मी काय करू? समोर दिसली काय डोक्यात जाता."

"नको जावंदे. राग सोड म्हणान तुका कोणी सांगितल्यान? रागान दोर बरो ओढूक येता. राग ठेव. पाय तेवढे हलय."

म्हातारा परत शिवू लागला. मोरोला आणखी काहीतरी ऐकायचं होतं, निदान द्वारकेनंही सरकायला हवं होतं एवढं तरी. ते काही आलं नाही. तो उठला आणि चालू लागला.

खरं सांगायचं तर आपल्याला खोटंच शिकवलेलं आहे. आधी मन निवळावं, आधी प्रेम दाटून यावं, मग माणूस आपोआप समजूतदार होतो म्हणे. मन निवळायची वाट पाहत किती घरं उजाड झाली त्याचा हिशेब कुणी मांडत नाही. मोरोचं मन त्या संध्याकाळी मुळीच निवळलं नव्हतं. तो घरात शिरला तेव्हा द्वारका तिच्या चुलीपुढे पाठ करून बसली होती, चूल पेटवलेली नव्हती, आणि ती पाठ पाहून त्याच्या मस्तकात परत तिडीक गेली. ती तिडीक तशीच घेऊन तो आपल्या चुलीशी गेला. त्यानं स्वतःच्याच चुलीचे तीन दगड उपटले आणि एकेक करून अंगणात नेऊन टाकले.

द्वारका वळली. "माझ्या चुलीर जेवूक मागूक इलंस?"

"नाय." तो उंबऱ्यात उभा राहिला, एक पाय आत आणि एक बाहेर. "फाल्या दुपारी मी भात घेवन घाटयेर येतंय. मधल्या पायरेपर्यंत. बाजारात येवचंय नाय, माका लाज वाटता. पुढची वाट तू उतरून ये. थंय जेवया."

"त्याच वेळेक खानावळवाले येतत. माझी निम्मी पाटी त्याच वेळेक खपता."

"खपता तर खपता. माका थंड भात खावचो लागतलो, ता काय सुख आसा?"

"माझी पाटी खाडयेत टाकणारो तू. तुझ्यार भरवसो कसो ठेवू?"

मोरोनं दात आवळले. "टाकलंय. ती माझी चूक." हे शब्द त्यानं पायात रुतलेला काटा उपटावा तसे उपटून काढले. "मी तापान पडलेलंय तेवा तू गेलंस."

"ती माझी," द्वारका म्हणाली, आणि परत भिंतीकडे तोंड केलं.

बास. यापलीकडे काही झालं नाही. कुणी कुणाच्या गळ्यात पडलं नाही, कुणाचे डोळे पाणावले नाहीत. दोघंही उपाशीच आडवी झाली. दाराशी गाठोडं होतं तसंच होतं.

सकाळी मोरो उठला तेव्हा द्वारका घरात नव्हती. तिची पाटी खुंटीवर नव्हती. तिचा भाऊ ओसरीवर बसून पेज पीत होता. "बाजारात गेली," तो वैतागून म्हणाला. "माका म्हणता, बस, दुपारी सांगतंय." मोरोनं आत पाहिलं. जिथे काल त्याची चूल होती त्या रिकाम्या जागेवर एक मडकं होतं, तोंडावर केळीचं पान बांधलेलं. त्यानं पान उचललं. भात होता, दोघांना पुरेल एवढा, आणि वाटीत सोलाची कढी.

दुपारी ते मडकं हातात घेऊन तो वस्तीतून निघाला. ही वाट त्याला रापणीच्या दोरापेक्षा जड गेली. जाळी विणत बसलेल्यांपैकी एकानं विचारलं, "काय रे मोरो, बायलेचो डबो घेवन चल्लंस?" बाकीचे हसले. त्याला मडकं त्याच्या डोक्यात घालावंसं वाटलं. पण पाय चालत होते, म्हणून तो चालत राहिला. घाटीच्या मधल्या जांभ्या दगडाच्या पायरीशी तो थांबला आणि मडकं सावलीत ठेवून बसला.

द्वारका आलेली नव्हती.

तो वाट पाहत राहिला. पायरी तापली होती. वरून बाजारातल्या बायका उतरू लागल्या, मडकं आणि मोरो यांच्याकडे एकदा बघून पुढे जाऊ लागल्या. त्यात द्वारका नव्हती. म्हणजे खानावळवाले आले असणार. म्हणजे ती बसली असणार आपल्या पिंपळाखाली, एकेक मासा मोजून देत, आणि आपण इथे माकडासारखे उन्हात. राग पायांपासून वर चढला. भात इथेच दरीत ओतावा, घरी जावं आणि गाठोडं स्वतः उचलून होडीत टाकावं. तो उठलाही. मडकं हातात घेतलंही. वर बाजाराकडे जाणं त्याला जमणार नव्हतं, पण खाली जाणंही आता तितकंसं सोपं राहिलं नव्हतं. खाली गेलो तर ती आली की नाही हे कधीच कळणार नाही, असं त्याच्या मनात आलं. आणि काल पाण्याचा रंग बदलताना दिसत असूनही आपण टाचा रोवून उभे होतो, तेही आठवलं. तो परत बसला.

थोड्या वेळानं वळणावर ती दिसली. झपझप उतरत होती, डोक्यावर पाटी, आणि पाटी अर्धी भरलेली. न विकलेली मासळी घेऊन ती आली होती. चेहरा लाल, भुवया आक्रसलेल्या. रागानं निघालेली बाई लांबूनही ओळखू येते.

"तिघा गिऱ्हायका सोडून इलंय," ती पाटी उतरवत म्हणाली.

"माका वाटला येवची नाय."

"माकाव वाटला."

तिनं पान सोडलं. दोघं पायरीवर बसली, मधे मडकं ठेवून. भात थंड होता, कढी आंबली होती, माश्या घोंघावत होत्या. मोरोनं पहिला घास घेतला आणि तो घशाखाली उतरवायला त्याला वेळ लागला. त्याच्या बापानं कधी थंड भात खाल्ला नव्हता हे खरं. पण त्याच्या आईनं बापाबरोबर बसून एक घास तरी कधी खाल्ला होता का, हे त्याला कितीही आठवून आठवेना. द्वारकेनं आपल्या बाजूची कढीची वाटी ढकलून मधोमध ठेवली. दोघं जेवली. मग मोरोनं तिची अर्धी भरलेली पाटी उचलून आपल्या डोक्यावर घेतली, आणि ती रिकामं मडकं घेऊन त्याच्या मागून घाटी उतरली. वस्तीत शिरताना तो पाटी उतरवून तिच्याकडे देईल असं तिला वाटलं होतं. त्यानं मान खाली घातली, पण पाटी उतरवली नाही.

आता कुणी म्हणेल, यात मिळवलं काय? त्याचा गरम भात गेला, तिचं दुपारचं गिऱ्हाईक गेलं, म्हणजे दोघांचंही नुकसानच. हो, नुकसानच. ज्याला काही न गमावता तडजोड हवी असेल त्यानं लग्नाच्या वाटेला जाऊ नये, त्याला खुशाल एकट्याची चूल लखलाभ होवो.

ओहोटी लागायच्या आत भावाला निघायचं होतं. तो होडीशी ताटकळत उभा होता. किनाऱ्यावर तात्या खोळीचे शेवटचे टाके घालत होते आणि आपण काही ऐकतच नाही असं दाखवत होते.

"चल गो," भाऊ म्हणाला. "गाठोडा खंय आसा?"

"दारात आसा. सोडूचा लागतला," द्वारका म्हणाली. "तू जा."

भावानं तिच्याकडे पाहिलं, मग पाटी घेऊन उभ्या असलेल्या मोरोकडे पाहिलं, आणि तो भडकला. एवढ्या लांबून वल्ही मारत यायला लावलं ते यासाठी? "मगे माका सांग," तो म्हणाला, "नमलो कोण? तू काय तो?"

मोरोनं तोंड उघडलं. उत्तर त्याच्या जिभेवर होतं, आणि ते त्याच्या बाजूचं होतं. मग त्याची नजर तात्यांच्या मांडीवरच्या खोळीवर गेली आणि त्यानं तोंड मिटलं.

द्वारकेनं रिकामं मडकं कमरेवर नीट टेकवलं.

"आमी जेवलाव," ती म्हणाली.